मुलाखतीला नेलेली इस्त्री

उपग्रह बनवणाऱ्या कंपनीत मुलाखतीला जाताना माणसं लॅपटॉप नेतात, प्रमाणपत्रांची फाइल नेतात, फार तर घसा बसू नये म्हणून खोकल्याच्या गोळ्या नेतात. भट्टीवालीने इस्त्री नेली. घरातली, रोजच्या वापरातली, एका बाजूने वायरीला चिकटपट्टी गुंडाळलेली इस्त्री. आता यावर कुणी हसेल तर त्याने खुशाल हसावं, पण शेवटपर्यंत ऐकून मगच हसावं.

भट्टीवाली हे तिला तिच्या कारखान्यातल्या लोकांनी ठेवलेलं नाव. बेकऱ्यांना लागणाऱ्या मोठाल्या भट्ट्या तिथे बनतात, माणूस उभा राहील एवढ्या दारांच्या, आणि त्या दारांचं, बिजागऱ्यांचं, कड्याकोयंड्यांचं सगळं काम हिच्याकडे. शिकलेली इंजिनिअर, हात साफ, आणि डोक्यात एकच खूळ. लोकांना घर हवं असतं, गाडी हवी असते. हिला आपल्या हातची एक वस्तू अशा जागी पाठवायची होती, जिथे ती बिघडली तर पाना घेऊन कुणी जाऊच शकत नाही. भट्टीचं दार अडकलं की मेकॅनिक जातो, दोन ठोके घालतो, चहा पितो, परत येतो. आकाशात असले लाड नाहीत. तिथे चाललं तर चाललं, नाही तर सगळंच फुकट. एवढ्या भरवशाचं काम आपल्याला जमतं का, हे तिला एकदा बघायचंच होतं.

कारखान्यात हे कळल्यावर अर्थातच चेष्टेला ऊत आला. "भट्टीवाली निघाली आभाळात! तिकडे पाव भाजणार का?" हा त्यातला सर्वांत सभ्य विनोद. तिने तो हसून घेतला, पण मनात कुठेतरी रुतून बसला. आणि त्या रुतण्यामुळेच पहिल्या मुलाखतीत तिने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

पहिली मुलाखत दोन वर्षांपूर्वीची. त्या कंपनीची पद्धत अशी, की उमेदवाराने आपण सोडवलेला एक तांत्रिक प्रश्न निवडायचा आणि त्यावर अर्धा तास सादरीकरण करायचं. भट्टीवालीने पन्नासच्या वर स्लाइड बनवल्या. पहिल्या दहा स्लाइडवर नुसते उपग्रहांचे फोटो. नमनालाच घडाभर तेल! त्यानंतर सूत्रं, आलेख, तक्ते. आणि सबंध सादरीकरणात 'भट्टी' हा शब्द एकदाही नाही. भट्टीला तिने 'उच्च तापमानाची बंदिस्त यंत्रणा' म्हटलं, बेकरीला 'अंतिम वापरकर्ता' म्हटलं आणि बिजागरीला काय म्हटलं ते तिचं तिलाही आता आठवत नाही. वेळ संपली तेव्हा ती तिसाव्या स्लाइडवर होती आणि खरा मुद्दा चाळिसाव्या स्लाइडवर होता.

समोर तिघं बसली होती. त्यांच्या प्रमुख एक आखूड पांढऱ्या केसांच्या बाई. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "हे सगळं ठीक आहे. पण तुम्ही नक्की काय केलंत?"

भट्टीवालीने तोंड उघडलं आणि मिटलं. घरी आल्यावर तिला याची एकाहून एक सरस उत्तरं सुचली, पण वरातीमागून घोडं नेऊन काय उपयोग? नकार आला. त्या नकारापेक्षा तो प्रश्नच तिला जास्त लागला. भांडी घासताना, बसच्या रांगेत उभं असताना तो मध्येच आठवायचा आणि कान गरम व्हायचे.

आणि आता दोन वर्षांनी पुन्हा बोलावणं आलं होतं. त्या कंपनीत एका माणसाला दोनदाच बोलावतात, तिसरी वारी नाही. भट्टीवालीची चाळिशी उलटलेली. म्हणजे हे दार या खेपेला उघडलं तर उघडलं, नाही तर जन्मभर बेकऱ्यांचीच दारं.

घरात माणसं तीन. ती, तिचा नवरा आणि सासूबाई. नवरा दातांच्या कवळ्या आणि टोप्या बनवणारा कारागीर. स्वभावाने गरीब, पण आपल्या कामातलं एखादं उदाहरण हाती लागलं की सोडायचा नाही. सासूबाईंना घरात 'हायकोर्ट' म्हणत, अर्थात त्यांच्या पाठीमागे. त्यांचा निकाल लागला की वर अपील नाही. हायकोर्टाला एकच व्यसन होतं, इस्त्रीचं. शर्ट, चादरी, उशांचे अभ्रे तर झालेच, पण त्या भांडी पुसायच्या फडक्यांनासुद्धा इस्त्री करत. "चुरगळलेलं फडकं बघितलं की मला कसंतरी होतं," म्हणत. जित्याची खोड, दुसरं काय.

सादरीकरणाचा सराव सुरू झाला तो या हायकोर्टासमोर. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, समोर खुर्चीत नवरा, आणि खिडकीशी इस्त्रीच्या टेबलामागे सासूबाई. भट्टीवालीने जुन्याच स्लाइड थोड्या झाडूनपुसून घेतल्या होत्या. ती बोलत राहिली आणि सासूबाईंची इस्त्री भराभर चालत राहिली. अभ्र्यामागून अभ्रा. पंधराव्या स्लाइडला नवऱ्याने जांभई तोंडातच दाबली, आणि सासूबाईंनी झालेला अभ्रा उलटा करून दुसऱ्या बाजूने पुन्हा इस्त्री करायला घेतला.

"आई, काही कळतंय का?" भट्टीवालीने शेवटी विचारलं.

"तू बोल ना. माझे कपडे होतायत."

"तसं नाही, कळतंय का?"

सासूबाईंनी इस्त्री उभी केली. "अगं, तू काम कुठे करतेस?"

"कारखान्यात."

"कसल्या?"

"भट्ट्यांच्या."

"मग इतका वेळ भट्टी कुठे गेली होती? लपवून ठेवलीस होय? चोरीची आहे का?"

नवरा हसला. भट्टीवालीला मात्र हसू आलं नाही. दोन वर्षं जो काटा तिला सापडत नव्हता, त्याच्यावर कुणीतरी नेमकं बोट ठेवलं होतं. तिने लॅपटॉप बंद केला आणि थोड्या घुश्शातच म्हणाली, "ऐकायचंय ना? मग ऐका."

आणि तिने साधी हकिगत सांगितली. एका बेकरीतून तक्रार यायची की भट्टीचं दार अडकतं. मेकॅनिक जायचा, दार लोण्यासारखं फिरायचं. 'दोष आढळला नाही' असं लिहून तो परत यायचा. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तक्रार. बेकरीवाला म्हणायचा कारखाना चोर, कारखाना म्हणायचा बेकरीवाला वेडा. डॉक्टरसमोर उभं राहिलं की दुखणं पळतं, तशातली गत. शेवटी भट्टीवाली स्वतः गेली, आणि मेकॅनिक जातो तेव्हा नाही, तर ऐन भाजणीच्या वेळी गेली. आत शेकडो पाव, बाहेर घामाने निथळलेली माणसं, आणि भाजणी झाल्यावर दार उघडायला गेले तर दार गच्च! दोघा दणकट गड्यांनी पाय लावून ओढलं तरी हलेना. आत पावांचा कोळसा व्हायला लागलेला. मेकॅनिक यायचा तोवर भट्टी थंड व्हायची आणि दार शहाण्यासारखं वागायला लागायचं. तापल्यावरच ते अडकत होतं, आणि तापलेलं दार कारखान्यातल्या एकाही माणसाने तोवर पाहिलंच नव्हतं.

"मग?" नवरा पुढे सरकला.

तेवढ्यात जळका वास आला. इस्त्री शर्टाच्या पाठीवर तशीच टेकलेली होती, आणि सासूबाई ती हातात धरून सुनेकडे बघत होत्या. नवऱ्याचा बाहेर घालायचा एकुलता एक बरा शर्ट. पाठीवर इस्त्रीचा तपकिरी ठसा, टोकासकट.

"आई! माझा शर्ट!"

"गप्प बस रे! शर्ट कुठे पळून जातोय? दार का अडकलं ते सांगू दे तिला."

भट्टीवालीच्या डोक्यात त्या क्षणी लख्ख उजेड पडला. त्या दिवसापासून घरात नियमच ठरला. सराव करताना इस्त्री भराभर चालली तर स्लाइड काढून टाकायची, इस्त्री थांबली तर ठेवायची. उपग्रहांचे फोटो गेले. सूत्रांच्या स्लाइड एकीत एक घातल्या. आलेखांपैकी एकच उरला. नवरा आपले कपडे आधी कपाटात कुलूपबंद करायचा आणि मगच ऐकायला बसायचा.

पण शर्ट जळाला त्याच रात्री, दार का अडकत होतं या प्रश्नावर घरात जे रण माजलं ते वेगळंच. बिजागरीत पोलादाची पिन असते आणि पिनेभोवती पितळेची एक नळी, तिला बुश म्हणतात. हा बुश बाहेरून पोलादाच्या जाड ठोकळ्यात घट्ट ठोकून बसवलेला असतो. पिन बुशच्या भोकात फिरते, म्हणून दार फिरतं. भट्टीवाली एवढं सांगून पुढे जाणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "थांब. तापल्यावर ते भोक मोठं होतं की लहान होतं?"

"मोठं," नवरा लगेच म्हणाला. "मी रोज बघतो. दाताची टोपी ओतायच्या आधी साचा भट्टीत तापवतो. साचा तापला की आतली पोकळी मोठी होते. तापलं की सगळंच वाढतं, भोकसुद्धा."

"लहान," सासूबाई म्हणाल्या. "उन्हातून आलं की माझ्या बोटातली अंगठी घट्ट होते. निघता निघत नाही."

"आई, ते बोट सुजतं! अंगठी नाही लहान होत!"

"मला शिकवू नकोस. अंगठी माझी आहे का तुझी?"

जेवणं झाली, भांडी झाली, तरी खटला चालूच. शेवटी भट्टीवालीने पिशवीतून दोन बिजागऱ्या काढल्या. कारखान्यातून मागून आणलेल्या, मुठीएवढ्या नमुन्याच्या. इस्त्री उलटी करून दोन विटांच्या मध्ये अडकवली, पूर्ण गरम केली आणि तापलेल्या तळव्यावर पहिली बिजागरी ठेवली. तिघंही भोवती उभी. थोड्या वेळाने चिमट्याने धरून तिने पिन फिरवायचा प्रयत्न केला. पिन हलेना. गच्च!

"लहान!" सासूबाईंनी टाळी वाजवली. "अंगठी म्हटलं की नाही मी!"

"अंगठीमुळे नाही हो आई," भट्टीवाली हसून म्हणाली. "नुसतं मोकळं पितळ असतं तर भोक मोठंच झालं असतं, याचं म्हणणं खरं आहे. पण पितळ पोलादापेक्षा जास्त फुगतं, आणि इथे त्याला बाहेरून पोलादाने आवळलंय. बाहेर जागा नाही, मग ते आतल्या बाजूला फुगतं आणि पिनेचा गळा धरतं." मग तिने दुसरी बिजागरी तापवली. तिच्यातल्या बुशला तिने लांबीभर एक बारीक उभी फट पाडली होती, करवतीच्या पात्याच्या जाडीची. पितळ फुगलं की त्या फटीत सरकतं आणि पिनेला त्रास देत नाही. ही पिन तापूनही भिंगरीसारखी फिरली. फटीचे बुश बसवल्यापासून बेकरीतून एकही तक्रार आली नव्हती.

"एवढंच?" नवरा म्हणाला. "एक फट?"

"एवढंच."

"आणि एवढ्यासाठी पन्नास स्लाइड केल्या होत्यास?" हायकोर्टाने निकाल दिला. "ही इस्त्री ने बरोबर. त्यांच्यासमोर तापव. आणि आधी विचार त्यांना, मोठं की लहान. बघू किती शहाणे आहेत ते."

इस्त्री न्यायचं भट्टीवालीने कबूल केलं. पण प्रश्न विचारायचं तिने मनातल्या मनात रद्द केलं. ज्यांच्यासमोर परीक्षा द्यायची त्यांनाच कोडी घालायची, म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तिने ठरवलं, सरळ इस्त्री लावायची, दाखवायचं आणि खाली बसायचं.

मुलाखतीच्या दिवशी कंपनीच्या फाटकावर सगळ्यांच्या पिशव्या एका यंत्रातून जात होत्या. पहारेकऱ्याने पडद्यावर बघितलं, पुन्हा बघितलं आणि पिशवी उघडायला लावली.

"ही इस्त्री आहे."

"हो."

"मुलाखतीला आलात ना तुम्ही?"

"हो."

"मग?"

मागे रांगेत उभा असलेला एक टायवाला उमेदवार फिस्सकन हसला. भट्टीवालीने समजावलं, विनवलं, बिजागऱ्याही दाखवल्या. पहारेकरी बिचारा वाईट नव्हता, पण नियम म्हणजे नियम. तापणारी कोणतीही वस्तू बाहेरून आत न्यायची नाही. त्याने इस्त्रीला बिल्ला बांधला, टेबलाखाली ठेवली आणि म्हणाला, "जाताना घेऊन जा ताई. हिला काही होणार नाही."

इस्त्रीला काही होणार नव्हतं, पण भट्टीवालीच्या तोंडचं पाणी पळालं. दोन आठवडे सगळा सराव त्या इस्त्रीच्या जिवावर केलेला. मधल्या स्लाइड काढून टाकलेल्या. थंड बिजागरी समोर धरून काय दाखवणार? थंड असताना तर दोन्ही सारख्याच फिरतात! म्हणजे बेकरीत मेकॅनिकचं व्हायचं तेच आता हिचं होणार होतं. दोष आढळला नाही.

खोली तीच. काचेची भिंत, लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. माणसंही तीच तिघं. मध्ये पांढऱ्या केसांच्या प्रमुख बाई. डावीकडे एक चष्मेवाला तरुण, आकडेमोडीत कुणाला हार न जाणारा. उजवीकडे मिशीवाले एक गृहस्थ, जे मागच्या खेपेला अवाक्षर बोलले नव्हते. प्रमुख बाईंनी तिच्याकडे बघितलं. "आपण आधी भेटलोय, नाही का?"

"हो मॅडम. तुम्ही मला विचारलं होतं, मी नक्की काय केलं. तेव्हा सांगता आलं नाही. आज सांगते." भट्टीवालीने श्वास घेतला. "मी बेकरीच्या भट्ट्यांची दारं बनवते."

बोलून गेल्यावर तिलाच नवल वाटलं, या एका वाक्याला दोन वर्षं का लागली. पुढची हकिगत तिने घरी सांगितली तशीच सांगितली. न सापडणारा दोष, भाजणीची वेळ, पाय लावून ओढणारे दोघं, कोळसा होणारे पाव. चष्मेवाल्याने लॅपटॉपवरची बोटं उचलली. प्रमुख बाईंनी पेन हातात तसंच अर्धवट धरलं होतं. भट्टीवालीच्या मनात आलं, इथे इस्त्री असती तर नक्की थांबली असती.

आणि मग ती जागा आली, जिथे इस्त्री लावायची होती. दोन बिजागऱ्या टेबलावर. तिने क्षणभर दोन्हींकडे पाहिलं. पुढची स्लाइड लावून कसंबसं निभावून नेता आलं असतं. पण तिला हायकोर्टाचा आवाज ऐकू आला. तिने लॅपटॉप बाजूला सरकवला, बिजागरी उचलून मधोमध ठेवली आणि म्हणाली, "पुढे जायच्या आधी एक विचारते. ही बिजागरी तापली, तर हे भोक मोठं होईल की लहान?"

"मोठं," चष्मेवाला तत्काळ म्हणाला. "तापल्यावर भोकही वाढतं. शाळेतलं गणित आहे."

"लहान," मिशीवाले म्हणाले.

खोलीतल्या सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते स्वतःच्याच आवाजाने दचकल्यासारखे दिसले. "बाहेरचं पोलाद बघ ना," ते चष्मेवाल्याला म्हणाले. "ते सोडेल का त्याला?"

"पण पोलादही वाढणारच की!"

"पितळाएवढं नाही वाढणार!"

"ते भिंतीच्या जाडीवर आहे, सर!"

"अरे, मग काढ जाडी!"

चष्मेवाला उठून फळ्याकडे गेला. मिशीवाले त्याच्यामागे. फळ्यावर वर्तुळं निघाली, आकडे पडले, खोडले गेले. प्रमुख बाई काही वेळ गालाला हात लावून बघत राहिल्या, मग स्वतःच उठल्या आणि म्हणाल्या, "द्या इकडे खडू, दोघंही चुकताय." भट्टीवाली आपल्या खुर्चीपाशी उभी होती आणि तिला हसू आवरत नव्हतं. तिच्या घरातलं जेवणाचं टेबल जसंच्या तसं इथे अवतरलं होतं, फक्त अंगठी तेवढी नव्हती.

"हे असं नाही मिटायचं," प्रमुख बाई शेवटी म्हणाल्या. "तापवूनच बघू. तुम्ही कशावर तापवणार होतात?"

"इस्त्रीवर. ती फाटकावर अडवली."

"इस्त्री आणली होतीत?" बाई खळखळून हसल्या. सकाळपासून मुलाखती घेऊन थकलेला तो चेहरा एकदम तरुण दिसायला लागला. "चला खाली. प्रयोगशाळेत गरम हवेची गन आहे."

आणि मुलाखत जिना उतरून खाली गेली. बाहेरच्या खुर्च्यांवर बसलेला टायवाला डोळे फाडून बघतच राहिला. पुढे प्रमुख बाई, मागे अजून भांडणारे दोघं, आणि हातात बिजागऱ्या घेतलेली भट्टीवाली. प्रयोगशाळेत पांढरे कोट घातलेल्या माणसांनी वाट करून दिली. चिमट्यात बिजागरी धरली, गन सुरू झाली. थोड्या वेळाने प्रमुख बाईंनी हातमोजा घालून पिन फिरवून बघितली.

हलली नाही. मिशीवाल्यांनी बघितली. हलली नाही. चष्मेवाल्याने तर दोन्ही हातांनी जोर लावला, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर हरल्याचं दुःख नाही, चक्क आनंद पसरला. "भारी आहे हे!" तो म्हणाला. "आता दुसरी लावा."

दुसरी लावली. फटीची. पिन भिंगरीसारखी फिरली. कुणीतरी टाळी वाजवली, कोण ते कळलं नाही.

"आणि कडाक्याच्या थंडीत?" मिशीवाल्यांनी हळूच विचारलं. "वर उन्हातून सावलीत गेलं की गोठवणारी थंडी असते."

हा प्रश्न घरी कुणी विचारला नव्हता. भट्टीवाली विचारात पडली, पण या वेळी तोंड मिटलं नाही. "थंडीत उलटं होईल. पितळ जास्त आक्रसेल, बुश ठोकळ्यात सैल पडेल आणि पिनेबरोबर स्वतःच फिरायला लागेल. फटीचा तर आणखीच. भट्टीला थंडी माहीत नाही, त्यामुळे ते मी सोडवलेलं नाही. ठोकळ्यात एक खाच ठेवून बुश अडवता येईल असं वाटतं, पण ते करून बघावं लागेल. आणि थंड असतानाच बघावं लागेल, नंतर नाही. तेवढं मी बेकरीत शिकलेय."

मिशीवाल्यांनी मान डोलावली. प्रमुख बाई हातमोजा काढता काढता म्हणाल्या, "आमची एक बिजागरी गेले सहा महिने आम्हाला नाचवतेय. टेबलावर चालते आणि थंड पेटीत घातली की रुसते." मग सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "तुमच्या कारखान्यात नोटीस किती दिवसांची द्यावी लागते?"

नोकरी करणाऱ्या माणसाला या प्रश्नाचा अर्थ सांगावा लागत नाही. भट्टीवालीने उत्तर दिलं खरं, पण काय दिलं ते तिला पुढे कधीच आठवलं नाही. फाटकावर पहारेकऱ्याने इस्त्री काढून दिली आणि विचारलं, "काय ताई, इस्त्रीवाचून अडलं का?" तिने नाही म्हणून मान हलवली, इस्त्री दोन्ही हातांनी उराशी धरली, आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून आधी हसली आणि मग पोटभर रडली. येणारेजाणारे बघत होते. बघू देत.

घरी दोघं दारातच उभी. नवऱ्याच्या अंगात तोच पाठीवर ठसा असलेला शर्ट, कारण दुसरे सगळे त्या दिवशी इस्त्रीविना पडले होते. तो काही विचारणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "आधी सांग. मोठं म्हणाले की लहान?"

"एक मोठं म्हणाला, एक लहान."

"आणि निघालं काय?"

"लहान."

"ऐकलंस?" सासूबाई मुलाकडे वळल्या. "आभाळातली माणसंसुद्धा माझ्या बाजूची आहेत."

"अगं आई, नोकरीचं काय झालं ते विचारू दे की!"

"त्यांनी नोटीस किती दिवसांची ते विचारलं," भट्टीवाली म्हणाली.

नवरा मटकन पायरीवर बसला. सासूबाईंना त्यातलं काही उमगलं नाही. "नोटीस? कसली नोटीस? काय केलंस तू तिथे?" त्या घाबऱ्या झाल्या. जुनी नोकरी सोडायची मुदत ती, असं नवऱ्याने समजावून सांगितलं. तेव्हा त्यांनी सुनेच्या हातातून इस्त्री घेतली, आत जाऊन जागेवर ठेवली आणि पाठमोऱ्या उभ्या राहून बराच वेळ पदराने नाक पुसत राहिल्या. हायकोर्ट गहिवरल्याची ही पहिलीच नोंद.

पत्र आठवड्यात आलं. कारखान्यातल्यांनी निरोप दिला तेव्हा चेष्टा करणारेच सगळ्यात जास्त हळवे झाले होते, आणि त्यांनी तिला एक भेट दिली, भट्टीच्या दाराची खरीखुरी मूठ, घासून चकाचक केलेली. नव्या टेबलावर तिने ती पहिल्याच दिवशी ठेवली. कुणी विचारलं तर सांगते, "मी भट्टीवाली." आढेवेढे न घेता सांगते.

पहिल्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा गळ्यात कंपनीची निळी पट्टी होती, तिला लटकलेलं ओळखपत्र, त्यावर तिचा फोटो. सासूबाईंनी चष्मा लावून फोटो बघितला, नाव वाचलं, हुद्दा वाचला, पुन्हा नाव वाचलं. मग पट्टी दोन बोटांत धरली आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"ही अशी चुरगळलेली घालून गेलीस? एवढ्या मोठ्या ठिकाणी?" त्या म्हणाल्या. "काढ. दे इकडे."

आणि इस्त्री गरम व्हायला लावून त्या तिथेच उभ्या राहिल्या.